सोतो गेल्यावर यांकीजनी केलेले सौदे: हिशेब नेमका कसा मांडायचा?

ब्राँक्सकर

२०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क यांकीज या अमेरिकी बेसबॉल संघाचा फलंदाज हुआन सोतो १५ वर्षांच्या, ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर मेट्स संघाकडे गेला. यांकीजची बोली १६ वर्षांना ७६ कोटींची होती. तो निसटल्यावर त्यांनी पिचर (चेंडू टाकणारा) मॅक्स फ्रीडला ८ वर्षांसाठी २१.८ कोटींना घेतलं. कब्जकडून कोडी बेलिंजर आणि ब्रूअर्सकडून क्लोजर (शेवटी येऊन आघाडी राखणारा पिचर) डेव्हिन विल्यम्स ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, आणले. पॉल गोल्डश्मिट एका वर्षासाठी १.२५ कोटींना आला. मग २०२५ मध्ये ९४ विजय मिळाले आणि प्लेऑफमधल्या डिव्हिजन सिरीजमध्ये टोरंटोने ३-१ ने बाहेर काढलं.

या सगळ्याला गुण द्यायचे तर कशावरून द्यायचे? निकालावरून, की सौदा केला त्या दिवशी जे ठाऊक होतं त्यावरून? विल्यम्सचा ट्रेड फसला असं सगळे म्हणतात, पण तो मुळातच चुकीचा होता का?

जमाखर्च

दोन्ही तारखांचे हिशेब करा, फक्त एकात दुसरा मिसळू नका.

आधी पैसा. बातमीत छापलेला आकडा हा खरा खर्च नसतो. लक्झरी टॅक्ससाठी, म्हणजे पगाराची मर्यादा ओलांडणाऱ्या संघावरच्या करासाठी, कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, म्हणजे वार्षिक सरासरी धरतात. २०२५ ची मर्यादा २४.१ कोटी होती आणि सगळ्यात वरची पायरी ३०.१ कोटींची. यांकीज सलग तीनपेक्षा जास्त वर्षं मर्यादेबाहेर आहेत, त्यामुळे वरच्या पायरीपलीकडच्या प्रत्येक डॉलरवर १.१० डॉलर कर. गोल्डश्मिट शेवटी आला, म्हणून तो पूर्णपणे त्या पायरीवर धरला तर १.२५ कोटी पगार अधिक १.३७५ कोटी कर, म्हणजे २.६२५ कोटी. बाजारात एका ‘वॉर’ला, म्हणजे साध्या बदली खेळाडूपेक्षा जास्त मिळवून दिलेल्या एका विजयाला, साधारण ८० ते ९० लाख डॉलर मोजतात. म्हणजे ३७ वर्षांच्या फर्स्ट बेसमनकडून तीन विजयांची अपेक्षा. हे ओझं जास्तच होतं. तो डावखुऱ्या पिचर्सविरुद्ध उत्तम खेळला, पण उजव्या हाताच्या पिचर्ससमोर जेमतेम. दहा होम रन (चेंडू थेट कुंपणापार जाणारे फटके) झाले. त्याला निम्मा वेळ खेळवायचं ठरवूनच घेतलं असतं तर सौदा बरा म्हटला असता.

फ्रीडचं वेगळं. त्याने जुन्या संघाची, ब्रेव्हजची, क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाचा ठराविक रकमेचा प्रस्ताव) नाकारलेली, त्यामुळे लक्झरी टॅक्स भरणाऱ्या यांकीजना ड्राफ्टमधला, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतला, दुसरा आणि पाचवा सर्वोच्च पिक सोडावा लागला, शिवाय आंतरराष्ट्रीय सह्यांच्या निधीतले १० लाख डॉलर गेले. सोतोच्या बदल्यात भरपाईचा पिक मिळाला तो चौथ्या फेरीनंतरचा. ही किंमत कुणी मोजतच नाही. तरीही डिसेंबरात मी हा करार चांगलाच म्हटला असता: डावखुरा, चेंडू जमिनीवर खेळायला लावणारा, आणि होम रनला धार्जिण्या मैदानात तेच हवं असतं. धोका होता तो हाताच्या पुढच्या भागाच्या दुखण्याचा. २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी त्यासाठी तो बाहेर बसला होता. २०२५ मध्ये १९ विजय, ५ पराभव, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा; कमी तितका चांगला) २.८६. मार्चमध्ये मुख्य पिचर गेरिट कोलच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाल्यावर हा नसता तर रोटेशन, म्हणजे आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पिचर्सची फळी, कोसळलंच असतं. पण आठ वर्षांच्या करारातलं ते पहिलंच वर्ष होतं, पूर्ण गुण आत्ताच देऊ नका.

तिसरा_बेस

विल्यम्सबद्दल बोलतो. ‘फसला’ म्हणताना लोक त्याचा ४.७९ ईआरए दाखवतात. तो पाहायचा आकडाच नव्हे. ६२ इनिंगमध्ये ९० स्ट्राइकआउट (चेंडू न खेळता आल्याने बाद झालेले फलंदाज). त्याचा चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, गेला नव्हता. धावा एकगठ्ठा जायच्या, आणि एप्रिलअखेर क्लोजरचं काम ल्यूक वीव्हरकडे गेलं. रिलीव्हरच्या (सामन्यात मागून येणाऱ्या पिचरच्या) एका मोसमातल्या ६० इनिंगवर कुठलाच निकाल टिकत नाही.

चूक दुसरीकडे होती: दिलं काय, ते बघा. नेस्टर कोर्तेस, केलेब डर्बिन आणि २० लाख रोख. कोर्तेसचं मला काही वाटत नाही. २९ मार्चला त्याच्याच पहिल्या तीन चेंडूंवर यांकीजच्या गोल्डश्मिट, बेलिंजर, ॲरन जज यांनी असे ओळीने तीन होम रन मारले. ब्रूअर्सकडे दोन सामने सुरू करून तो जखमी झाला आणि जुलैअखेर पाड्रेजकडे रवाना झाला.

डर्बिन मात्र सहा वर्षं संघाच्या ताब्यात राहणारा, किमान पगारावरचा, म्हणजे २०२५ मध्ये ७.६ लाख डॉलरच्या आसपासचा इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक). त्याच्या बदल्यात ताब्याचं एकच वर्ष उरलेला रिलीव्हर. मिलवॉकीत, म्हणजे ब्रूअर्सकडे, तो थर्ड बेसला खेळला, ११ होम रन, १८ स्टील्स (चोरलेले बेस), नॅशनल लीगच्या रूकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवोदिताच्या) मतदानात तिसरा. इकडे सेकंड बेसवरचा ग्लेबर टोरेस गेल्यामुळे थर्ड बेसवरच्या जॅझ चिझमला सेकंडला न्यायचं होतं, म्हणजे थर्ड रिकामा राहणार हे डिसेंबरातच दिसत होतं. तिथे खेळणाऱ्या ओस्वाल्डो काब्रेराचा घोटा मेमध्ये मोडला, इनफिल्डर डीजे लमेह्यूला जुलैत सोडलं, आणि २५ जुलैला थर्ड बेसमन रायन मॅकमॅहनला रॉकीजकडून आणावं लागलं. त्याचाही पगार आणि करही. एका ट्रेडचं बिल दुसऱ्या ट्रेडमध्ये भरलं गेलं. ट्रेड मोजताना नेहमी विचारा: दिलेला माणूस आपल्याच कुठल्या भोकात बसला असता?

ब्राँक्सकर

हे पटलं. मग बेलिंजर? त्याच्यासाठी तर कोडी पोटीटच गेला.

उजवं_कुंपण

सगळ्यात निर्मळ सौदा तोच. एक दुय्यम पिचर गेला, वर कब्जनी ५० लाख डॉलर दिले. कब्जला पगार झटकायचा होता आणि सगळ्या लीगला ते ठाऊक होतं. अशा वेळी देणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही.

मैदानाचा हिशेब सरळ: यांकी स्टेडियमचं उजवं कोपऱ्यातलं कुंपण ३१४ फुटांवर, हा डावखुरा आणि चेंडू उजवीकडे ओढणारा. त्याच्या बॅटवरून चेंडू फार वेगाने सुटत नाही म्हणून आकडेवाले साशंक होते, पण इथे तेवढा वेग पुरतो. २०२४ मधल्या १८ वरून २०२५ मध्ये २९ होम रन, ९८ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेल्या धावा). शिवाय डावं, मधलं आणि उजवं फिल्ड, वर फर्स्ट बेस. संघात दुखापत झाली की एकाच माणसाने चार जागा झाकता येतात, हे ‘वॉर’मध्ये नीट उतरत नाही.

सोतोशी तुलना करताना एक सांगतो. त्याने २०२५ मध्ये मेट्ससाठी ४३ होम रन आणि ३८ स्टील्स केले, संघ ८३ विजयांवर थांबला. संघाचे विजय धरून त्याचा करार वाईट ठरवणं चूक आहे. आणि २०२३ चा मूळ ट्रेड विसरू नका: पाड्रेजकडून सोतो आणि ट्रेंट ग्रिशम आले, बदल्यात पिचर मायकल किंगसह पाच जण गेले. सोतो एका वर्षात गेला, पण ग्रिशमने २०२५ मध्ये ३४ होम रन मारले. तो हिशेब लिहिताना ग्रिशमचा रकाना भरा, मग किंगच्या २०२४ मधल्या २.९५ ईआरएशी तोलून पाहा.