मदत हवी आहे: टाइप १ मधुमेह, मुलगी शाळेत इन्सुलिन लपवून घेते

मुलगी ९ वर्षांची, चौथीत. दीड वर्षापासून टाइप १ मधुमेह, दिवसाला ४ इंजेक्शनं. डॉक्टर नियमित बघतात, शुगर बऱ्यापैकी आटोक्यात आहे, त्यामुळे प्रश्न औषधांचा नाही.

मधल्या सुट्टीत ती इन्सुलिनचं पेन रुमालात गुंडाळून बाथरूममध्ये नेते. गेल्या आठवड्यात दोनदा डबा तसाच परत आला. खाण्याआधी इन्सुलिन टोचावं लागतं, ते नको म्हणून खाल्लंच नव्हतं. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "सगळ्या बिचारी म्हणतात गं आई." मुली वाईट नाहीत हो, उलट तिच्यासमोर चॉकलेट खायचं नाही असं त्यांनीच ठरवलंय. तिला नेमकं तेच नकोय.

बाईंशी बोलले. त्यांनी वर्गात सांगितलं, "तिला सांभाळून घ्या." त्यानंतर ती जास्तच मिटली. शाळेत समुपदेशक नाही. आजार लपवूनही चालणार नाही, कारण शुगर ७० च्या खाली गेली तर लगेच साखर द्यायला बाकावरच्या शेजारणीला माहीत हवं.

हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, एकमेकांना लागत नाही, हे तुमच्यापैकी कुणी वर्गातल्या मुलांना समजावलंय का? कीव न वाटता मैत्री टिकावी म्हणून नेमकं काय बोललात, आणि तुमचं मूल तेव्हा वर्गात होतं का?