पैसे घेऊन शो करायचाय, नाण्यांचं नेमकं कुठलं रुटीन बसवू?

पत्तेवाला_जादू

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारतोच. माझं सगळं काम पत्त्यांचं. आता इव्हेंटची कामं यायला लागलीत आणि ती दोन प्रकारची असतात, एक म्हणजे लोक उभे असतात आणि आपण घोळक्याघोळक्यात फिरून पाचेक मिनिटं दाखवायचं, आणि दुसरं छोट्या हॉलमध्ये खुर्च्या मांडलेल्या, पन्नास-साठ लोक, वीस मिनिटांचा सेट. दोन्हीकडे पत्तेच पत्ते झालेत, "एक पत्ता घ्या" म्हटलं की मलाच कंटाळा येतो, लोकांचं तर सोडाच.

तर नाण्यांचं एक रुटीन नीट बसवायचंय. क्लासिक पाम, फिंगर पाम (नाणं तळहातात किंवा बोटांत लपवून धरणं), शटल पास (नाणं या हातातून त्या हातात दिल्याचा भास) आणि रिटेन्शन व्हॅनिश (हातात ठेवलेलं दिसणारं नाणं गायब करणं) बऱ्यापैकी येतात. डोक्यात थ्री फ्लाय (बोटांच्या टोकावरची तीन नाणी एकेक करून दुसऱ्या हातात), मॅट्रिक्स (पत्त्यांखालची नाणी एका पत्त्याखाली जमणं), कॉइन्स अक्रॉस (नाणी एकेक करून एका हातातून दुसऱ्यात) आणि मायझर्स ड्रीम (हवेतून नाणी काढणं) आहेत. व्हिडिओ बघितले की प्रत्येक वेळी वाटतं हेच करावं. शक्यतो एकच रुटीन दोन्हीकडे चालावं अशी इच्छा आहे. जे खरंच पैसे घेऊन करतात त्यांनी सांगा.

एज_ग्रिप

एकच रुटीन दोन्हीकडे, हा हट्ट आधी सोडा.

मॅट्रिक्स तर यादीतून आत्ताच काढून टाका. अल श्नायडरचं ते, चार नाणी चार पत्ते, कागदावर बघितलं तर तुमच्यासारख्या पत्तेवाल्याला अगदी सोयीचं वाटतं, पण त्याला टेबल लागतं, मॅट लागते आणि लोकांनी वरून खाली बघावं लागतं. घोळक्यात टेबल नसतं, आणि हॉलमध्ये टेबल असलं तरी तिसऱ्या रांगेपासून मागच्यांना फक्त टेबलाची पुढची कड दिसते. स्लायडिनी, गॉशमन ही जुनी जादूगार मंडळी टेबलाशी बसून करायची, प्रेक्षक टेबलाभोवती, मांडी टेबलाखाली, आणि बसण्याचा पुरेपूर फायदा त्या कामाला मिळायचा. ते बघून शिका जरूर, टायमिंग तिथेच कळतं, पण उभ्याने करायला घेऊ नका.

थ्री फ्लायचं कसं आहे की ते छातीच्या उंचीवर, बोटांच्या टोकावर होतं, म्हणून दिसतं छान. मूळ कल्पना जोनाथन टाउनसेंडची, पुढे क्रिस केनरच्या हाताळणीमुळे ते सगळीकडे पोचलं, आणि आता ज्याला नाणं धरता येतं तो प्रत्येक जण ते करतो. प्रॉब्लेम अँगलचा. समोर एका रेषेत उभे असलेले लोक ठीक, पण घोळका कधी रेषेत राहतो का? तुम्ही सुरू केलं की चार लोक बाजूने येऊन खांद्यावरून डोकावणार. व्हिडिओत कॅमेरा एका जागी असतो हे विसरू नका.

घोळक्यासाठी माझं मत सरळ आहे, तीन नाण्यांचं कॉइन्स अक्रॉस, आणि शेवटचं नाणं प्रेक्षकाच्या बंद मुठीत. चार नाणी नको, तीनच. चार घेतली की मधलं दुसरं-तिसरं सारखंच दिसतं आणि लोक मोजायचं सोडून देतात. पहिलं जातं तेव्हा आश्चर्य, दुसरं जातं तेव्हा सगळ्यांचे डोळे तुमच्या हातावर जळतायत, आणि तिसरं थेट त्या बाईंच्या मुठीत निघतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात ती बाई काय सांगणार? "माझ्या हातात आलं." बस, तेवढं एक वाक्य सांगता आलं पाहिजे.

आणि रीसेट! तीन नाणी घेऊन सुरू, तीन नाणी घेऊन शेवट, पुढच्या घोळक्याकडे चालत जाईपर्यंत तयार. जे रुटीन परत लावायला कोपऱ्यात तोंड करून उभं राहावं लागतं ते वॉकअराउंडला, म्हणजे घोळक्यांत फिरून करायच्या शोला, नकोच.

एक बारीक गोष्ट, अशा ठिकाणी लोकांच्या एका हातात ग्लास असतो, कधी दुसऱ्यात प्लेट. मूठ मागायच्या आधी बघा हात मोकळा आहे का, नाहीतर ग्लास कुठे ठेवू यातच तुमचा अर्धा मिनिट आणि सगळा ताण निघून जातो.

मागची_रांग

वरचं घोळक्यापुरतं मान्य. हॉलचं मी सांगतो, कारण मी जवळपास तेवढंच करतो.

हॉलमध्ये नाणं दिसत नाही. मोठ्यात मोठं म्हणजे जुना चांदीचा डॉलर, व्यास 38.1 मिलिमीटर, हाफ डॉलर 30.6, आणि सातव्या-आठव्या रांगेतून दोन्ही म्हणजे एक चमकता ठिपका. मग नाणं ऐकवायचं. मायझर्स ड्रीम इतकी वर्षं टिकलंय ते त्यामुळेच, हवेतून नाणं पकडलं, बादलीत टाकलं, ठण्ण! शेवटच्या रांगेतल्या माणसाला नाणं दिसलं नसलं तरी पडलेलं कळतं. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ, त्याच्या काळातही हवेतून पैसे काढायचे, पण त्यावर अख्खं करिअर उभं केलं ते टी. नेल्सन डाउन्सने (1867–1938). माणूस स्वतःला 'किंग ऑफ कॉइन्स' म्हणवून घ्यायचा आणि मोठ्या व्हॉडव्हिल (व्हरायटी शोच्या) थिएटरांत नाण्यांवर अ‍ॅक्ट चालवायचा, म्हणजे नाणी फक्त क्लोज-अपची हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. आजच्या काळात टेलर (पेन अँड टेलर या जादूगार जोडीतला, जो बोलत नाही तो) हेच करतो आणि शेवटी पाण्याच्या टाकीत नाण्यांचे गोल्डफिश होतात. बघाच एकदा, आणि बघताना नाण्यांकडे नको, तो एका जागेवरून दुसरीकडे कधी आणि का जातो तिकडे बघा.

आता धोका. सहावं नाणं निघेपर्यंत लोकांना खेळ कळलेला असतो, पुढची वीस काढलीत तरी ती तीच. इथे नव्वद टक्के लोक मार खातात. चार-पाच नाणी हवेतून झाली की खाली उतरा, प्रेक्षकाच्या कोपरातून काढा, चष्म्यामागून काढा, एखाद्या मुलाला वर बोलवा आणि त्याच्याच हाताने हवेतून पकडायला लावा. मूल वर आलं की हॉल जागा होतो, मग तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही, फक्त त्याची थट्टा करायची नाही, ते मात्र पाळा.

बादली धातूचीच, आणि पातळ पत्र्याची, जाड असली तर आवाज बसका येतो. माइक असेल तर जवळ. बॅकग्राउंडला म्युझिक लावू नका, हे किती वेळा सांगितलं तरी लोक लावतातच, अरे तुमचं वाद्य ती बादली आहे. नाणी जास्त धरायची असतील तर पामिंग कॉइन्स म्हणून मुद्दाम पातळ केलेली मिळतात, लांबून फरक कळत नाही, मात्र ती जवळून कुणाच्या हातात देऊ नका.

खिसा_रिकामा

मला दोघांचंही पूर्ण पटलेलं नाही.

तुम्ही चकचकीत मोठी परकी नाणी बाहेर काढली की लोकांच्या डोक्यात पहिला विचार येतो, "ही स्पेशल असणार." तोंडावर बोलणार नाहीत पण विचार येतो. आणि एखादा म्हणालाच "दाखवा जरा", आणि तुमच्याकडे त्या वेळी शेल (नाण्यासारखं दिसणारं पोकळ कवच) आहे, तर संपलं. म्हणून मी घोळक्यात कायम मागून घेतलेलं नाणं वापरतो, त्यांच्याच खिशातलं, त्यावर सही, आणि मग ते सील न फोडलेल्या बाटलीत. एकच नाणं, एकच परिणाम. मोजायला काही नाही, लक्षात ठेवायला काही नाही, आणि बाटली त्यांच्याकडेच राहते.

थ्री फ्लाय जादूगारांना आवडतं कारण अवघड आहे. प्रेक्षकाला अवघडाशी काय देणंघेणं?

एज_ग्रिप

@खिसा_रिकामा बाटली एका घोळक्याला ठीक, पण एका संध्याकाळी पंधरा घोळके असतील तर पंधरा बाटल्या घेऊन फिरणार का राव? तो सेटचा शेवटचा नंबर आहे, हॉलमध्ये ठेवा. शिवाय मागून घेतलेल्या नाण्यावर मार्करची सही पाच मिनिटांत बोटाच्या घामाने पुसते, छोटं स्टिकर लावून त्यावर सही घ्या, आणि आजकाल बऱ्याच लोकांच्या खिशात नाणंच नसतं, त्यामुळे आपल्याकडे दोन-चार साधी चलनातली नाणी असू द्या.

"स्पेशल असणार" हा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्याला उपाय म्हणजे सुरुवातीलाच, कुणी मागायच्या आधी, एक नाणं सहज हातात देऊन टाकायचं. "तपासा" म्हणायचं नाही. तपासा म्हटलं की ते तपासतात.

थ्री फ्लायबद्दल थोडं अन्यायाचं बोललात. भिंतीला पाठ असेल आणि समोर दहा-बारा लोक असतील तर त्याच्याइतकं सुंदर दिसणारं फार थोडं आहे. फक्त ती जागा निवडायची मुभा आपल्याला मिळेल याची खात्री नसते.

मॉडरेटर

चर्चा चांगली चाललीय. शेल, गिमिक (जादूचं गुप्त साधन) ही नावं ठीक, पण कुठल्या क्षणी काय होतं ते उघड धाग्यावर लिहू नका. मधे एकाने लिहिलेली पूर्ण पद्धत काढून टाकलीय.

पत्तेवाला_जादू

भारी माहिती, सगळ्यांचे आभार. म्हणजे घोळक्याला अक्रॉस आणि हॉलला मायझर्स ड्रीम, असं मनात पक्कं होतंय. आता दोन प्रश्न. अक्रॉसच्या आधी काहीतरी छोटं, बघताक्षणी कळणारं हवं, त्याला स्पेलबाउंड चालेल का? आणि नाणी कुठली घेऊ? सध्या नवी चकचकीत आहेत, हातात सटकतात आणि एकमेकांवर आपटली की वाजतात.

एज_ग्रिप

स्पेलबाउंड मस्त चालेल. डाय व्हर्नन या जादूगाराचं क्लासिक, चांदीचं नाणं तांब्याचं, परत चांदीचं. हाफ डॉलर आणि इंग्लंडचा जुना पेनी हीच जोडी सगळे वापरतात कारण आकार जवळपास सारखा आणि रंग एकदम वेगळा. पण दोन-तीन बदल पुरे, काही जण सात-आठ वेळा बदलतात आणि मग लोक बदल सोडून हात बघायला लागतात. आणि बोलू नका. "हे चांदीचं होतं, आता तांब्याचं झालं", अहो दिसतंय की.

फक्त एक विचार करून ठेवा, ते तांब्याचं नाणं शेवटी कुठे जातं? अक्रॉस सुरू करताना ते हातात अडकून राहिलं तर पुढचं सगळं बिघडतं. दोन रुटीनांमधला तो खिशात जाणारा हात, त्याला कारण हवं. तुम्ही पत्तेवाले, तर त्याच वेळी पत्त्यांचा डबा खिशात ठेवा, नाणं त्याच्याबरोबर जाईल.

(मॉडरेटर, एवढं चालेल ना? 😅)

मागची_रांग

नाण्यांचं सांगतो. 1964 पर्यंतचे अमेरिकन हाफ डॉलर नव्वद टक्के चांदीचे, वजन साडेबारा ग्रॅम. 1971 पासूनचे तांबे-निकेलचे, 11.34 ग्रॅम. जुनी आणि त्यातही वापरून झिजलेली असतील तर कडेचे दाते मऊ झालेले असतात, एकमेकांवर सरकताना कमी बोलतात. जादूवाले मुद्दाम तशी गुळगुळीत शोधत फिरतात. पण मायझर्स ड्रीमला उलटं, तिथे वाजणारी हवीत, म्हणून तुमची नवी चकचकीत नाणी फेकू नका, ती बादलीसाठी ठेवा.

सटकायचं म्हणाल तर बऱ्याचदा हात कोरडा पडलेला असतो, एसी हॉलमध्ये हमखास. शो आधी अर्धा तास थोडं क्रीम, लगेच आधी नको. घाम येणारा हात असेल तर प्रश्न वेगळा, नाणं हाताला चिकटतं आणि सोडायच्या वेळी सुटत नाही.

खिसा_रिकामा

एक राहिलंच. आरशासमोर सराव करताना माणूस नकळत नेमक्या क्षणी डोळे मिटतो किंवा नजर वळवतो, स्वतःलाच फसवतो. फोन उजवीकडे बाजूला लावून रेकॉर्ड करा, मग डावीकडे, मग खाली बसलेल्या माणसाच्या उंचीवर. आणि उभं राहून, बूट घालून, ज्या कोटात शो करणार तोच कोट घालून. कोटाच्या खिशाचं फ्लॅप आत गेलेलं आहे का बाहेर, एवढ्यावरही नाणं अडकतं.

पत्तेवाला_जादू

आज बाजूने रेकॉर्ड करून बघितलं. शटल पास डावीकडून उघडा पडतोय. परत बसवायला घेतो.

एज_ग्रिप

डावीकडून सगळ्यांचाच पडतो. हात हलवू नका, स्वतः किंचित वळून उभे राहा, म्हणजे डावीकडच्या शेवटच्या माणसाकडे तुमचं तोंड येईल.