शब्दचर्चा : ‘हंपा नाइ’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : जपानी फुटबॉलपटू यूया ओसाकोचं नाव निघालं की मागोमाग ‘हंपा नाइ’ येतंच. याचं ‘अर्धा नाही’ असं भाषांतर पाहिलं. बरोबर आहे का?

उत्तर : शब्दाला शब्द लावला तर चूक नाही, पण त्यातून अर्थ हाती लागत नाही. ‘हंपा’ म्हणजे अपुरं, अर्धवट. संचातली एकच उरलेली वस्तू म्हणजे ‘हंपामोनो’. ‘हंपा नाइ’ म्हणजे ज्यात काही अर्धंमुर्धं नाही ते, थोडक्यात, जबरदस्त. व्याकरणानं पाहिलं तर ‘हंपा दे वा नाइ’ हवं. बोलताना त्याचं ‘हंपा जा नाइ’ झालं, मग मधला ‘जा’ही गळला. तरुण पोरं तर नुसतं ‘पनेऽ’ म्हणतात.

ओसाकोशी हा शब्द जोडला गेला जानेवारी 2009 मध्ये. अखिल जपान शालेय स्पर्धेत त्याच्या कागोशिमा जोसेई शाळेनं ताकिगावा दाइनी शाळेला 6-2 हरवलं. हरलेल्या संघाचा कर्णधार सामन्यानंतर रडत म्हणाला, “ओसाको हंपा नाइ त्ते!” त्या स्पर्धेत ओसाकोनं 10 गोल केले. 19 जून 2018 ला विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध 73व्या मिनिटाला त्यानं हेडरनं गोल केला, जपान 2-1 जिंकला आणि त्या कर्णधाराच्या रडण्याची जुनी चित्रफीत पुन्हा घरोघरी पोहोचली. वर्षाअखेरीस जपानमधल्या गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहांत हे वाक्य होतं.

प्रतिसाद : मग सरळ ‘नाद खुळा’ म्हणा की!

उत्तर : नको. एक तर ‘नाद खुळा’त मजा आहे, इथं हरलेल्याची हतबलता आहे. दुसरं, जपानीत उकाडा, गर्दी, भूक, काहीही ‘हंपा नाइ’ असू शकतं. ‘आज उकाडा नाद खुळा’ कोण म्हणेल? ‘ऐरागैरा नाही’ माणसापुरतं, ‘लेचापेचा नाही’ ताकदीपुरतं. ‘साधासुधा नाही’ मात्र उकाड्यालाही चालतं, ओसाकोलाही, शिवाय मूळचा नकार शाबूत राहतो. शेवटचा ‘त्ते’ इथं ठासून सांगण्याचा आहे, त्याला ‘रे’ किंवा ‘सांगतो ना’. म्हणून : “ओसाको साधासुधा नाही रे!”

पुरवणी : कर्णधाराच्या त्याच बोलण्यात पुढं ‘तोराप्पु’ (इंग्रजी ‘ट्रॅप’) येतो. तिथं सापळा लिहू नका. मागून आलेला चेंडू ओसाको पायाशी थांबवून ताब्यात घेतो, असं म्हणणं आहे. त्यानंतरचं ‘देकिहिन’ (जमत नाही) हे कान्साई (ओसाका-क्योतो भागातल्या) बोलीतलं, प्रमाण रूप ‘देकिनाइ’. बोलीचा बाज हवा असेल तर ‘जमतंय व्हय कुणाला?’ चालेल.

प्रतिसाद : ‘नाइ’ म्हणजे आपलं ‘नाही’च ना?

उत्तर : अर्थ तोच, नातं काही नाही, योगायोग आहे. लिहिताना मात्र ‘हानपा’ करू नका. रोमन अक्षरांत ‘न’ दिसला तरी ‘प’च्या आधी उच्चार ‘म्’ होतो. आपला अनुस्वार तिथं चपखल बसतो.