सोलापूर ते चिपी: सरळ अंतर आणि हवेतला वेळ

प्रश्न: होटगी रोड विमानतळावरून सिंधुदुर्गच्या चिपीला एटीआर 72 (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) थेट नेलं तर किती किलोमीटर आणि किती वेळ? सोलापूरचा अक्षांश 17.38 घालून माझं अंतर 300 च्या आतच येतंय.

उत्तर 1: तुम्ही 17 अंश 38 मिनिटं हे 17.38 असं घातलंय, बघा. मिनिटांना 60 ने भागा, 17.63 येईल. तेवढ्यानेच 28 किमी सरकतंय. सोलापूर 17.63, 75.93, चिपी 16.00, 73.53. अक्षांशातला फरक 1.63 × 111 (एका अंशाचे किमी) = 181 किमी. रेखांशातला 2.40 × 111 × 0.957 (मधल्या अक्षांशाचा कोसाइन) = 255. वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ 313 किमी, म्हणजे 169 सागरी मैल.

उत्तर 2: अंतर बरोबर. पण 313 भागिले 500 (एटीआरचा ताशी वेग, किमीत) करून 38 मिनिटं धरू नका ओ. टॅक्सी, चढाई, उतरणं, धावपट्टीशी रेषेत येण्याचा वळसा मिळून 12-15 मिनिटं वाढवा. 50-55 धरा. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा जाताना समोरून येतो. 30 नॉट (तासाला 30 सागरी मैल) असेल तर आणखी 5 मिनिटं. येताना तेवढीच वाचतील असं मात्र नाही, थोडी कमीच.

उत्तर 1: आणि कोकणात ढग खाली असले की घिरट्या वेगळ्याच!