गोव्यात विंडसर्फिंग: तेव्हा काय मिळायचं, आता काय लागतं? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलाने विचारलं, "दादा, गोव्याला विंडसर्फिंग शिकायचं तर किती लागतात?" मी सवयीने एक आकडा सांगून टाकला. त्याने तिथे फोन लावला, तर समोरून सांगितलेले पैसे माझ्या आकड्याच्या दुपटीपेक्षा जास्त. पोरगं हिरमुसलं आणि मला वाईट वाटलं, कारण मी सांगितलेला दर २०१७ चा होता.

नागपूरहून समुद्र कुठलाही धरा, दिवसभराची वाट आहे. विंडसर्फिंग म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाणं, वारा नाही तर काहीच नाही. पणजीचा माणूस वारा पडला की घरी जाऊन जेवतो. आपली रजा, तिकीट, खोलीचं भाडं सगळं पाण्यात जातं. म्हणून आपल्याकडच्या माणसाला नीट माहिती हवी. कोणत्या साली गेलात, काय दिलं, काय मिळालं, काय मिळालं नाही, ते लिहा. केंद्राचं किंवा शिकवणाऱ्याचं नाव नको. तारकर्लीचा अनुभव असेल तरी चालेल. सुरुवात मी करतो, नावाच्या जागी माझी नागपुरातली वस्ती टाकून.

त्रिमूर्तीनगर

२०१० च्या फेब्रुवारीत दोना पावलाजवळ पहिल्यांदा गेलो. सोय म्हणावी असं तिथे काही नव्हतं. माडाला टेकवलेले चार लांबलचक बोर्ड, एक उचलायला दोघं लागायचे. शिडाला मधोमध पारदर्शक खिडकी असते, पलीकडचं दिसावं म्हणून. ती उन्हाने पिवळी पडून चिरलेली आणि वरून चिकटपट्टी मारलेली. कपडे बदलायला झाडाचा आडोसा. मीठ धुवायला विहिरीचं बादलीभर पाणी.

पण शिकवणारे सर! त्यांनी पहिल्या दिवशी मला पाण्यात उतरवलंच नाही. अकरा वाजता वाळूत बसवलं आणि म्हणाले, समुद्राकडे बघत राहा. पाणी तेलासारखं गुळगुळीत. तास गेला, काही नाही. साडेबारानंतर लांबवर पाण्याचा रंग बदलला. एक काळपट पट्टा उठला आणि सरकत सरकत किनाऱ्याकडे येऊ लागला. तो जवळ आला आणि गालाला वारा लागला. शाळेत आपण सगळ्यांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले आहेत. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, जागा भरायला समुद्रावरून वारा येतो. तीस वर्षांचा होईपर्यंत ते माझ्यासाठी पुस्तकातलं एक वाक्य होतं. त्या दिवशी मी खारा वारा येताना डोळ्यांनी पाहिला.

माझ्या वहीत त्या साली तासाला ४०० रुपये लिहिलेत. तासाचे पैसे घ्यायचे आणि ऊन उतरेपर्यंत बोर्ड परत मागायचे नाहीत. पडा, शीड ओढून उभं करा, पुन्हा पडा. २०१७ ला त्याच पट्ट्यात १,५०० दिले. गेल्या वर्षी दीड तासाच्या सत्राला ३,५०० दिले.

आता मिळतं काय, तेही लिहितो, कारण नुसतं महाग झालं म्हणणं अन्यायाचं होईल. बोर्ड रुंद आणि हलके झाले आहेत. वरचा पृष्ठभाग मऊ, गुडघे सोलत नाहीत. नवशिक्याला साडेतीन-चार चौरस मीटरचं छोटं शीड मिळतं, पूर्वी सगळ्यांना एकच मोठं. बचावाची मोटरबोट इंजिन चालू ठेवून उभी असते. शॉवर आहे, लॉकर आहे. पण घड्याळ लावलेलं असतं. दीड तासातली पंचवीस मिनिटं वाळूवर जातात, दहा जॅकेट घालण्यात. उरलेल्यात हाताला थोडी समज येऊ लागते तेवढ्यात शिट्टी वाजते. एकट्याने सराव करायला बोर्ड भाड्याने मागितला तर "सत्राबरोबरच मिळेल" असं उत्तर. हा खेळ पडून पडून येतो हो. शिकवणी मिळते, सराव मिळत नाही, आणि माझ्या मते खरी भाववाढ ती आहे.

मनीषनगर, बँकेत नोकरी

दादा, तुमचा झाडाचा आडोसा वाचला आणि लिहायलाच बसले. तो आडोसा पुरुषांसाठी होता. २०१३ ला मी आणि माझी बहीण गेलो होतो. तिने ओढणी आणि टॉवेल धरून उभं राहायचं, मी ओले कपडे बदलायचे, आणि दोघींची नजर सारखी रस्त्याकडे. दुसऱ्या दिवशी मी ओल्या कपड्यांवरच रिक्षाने खोलीवर आले, रिक्षावाल्याने सीटवर पोतं टाकायला लावलं. तिसऱ्या दिवशी गेलेच नाही. शिकण्याची हौस वाऱ्यामुळे नाही, कपडे बदलायच्या जागेमुळे संपली.

२०२३ ला पुन्हा धीर केला. कडी लागणारी खोली, गोडं पाणी, आणि शिकवायला एक मुलगी. पैसे जास्त गेले, हजार-बाराशेचा फरक नक्की. मी तो आनंदाने दिला. चौथ्या सत्रात पन्नास-साठ मीटर सरळ गेले आणि वळूनही आले. बूम, म्हणजे शिडाची हातात धरायची दांडी, धरून तळहाताला फोड आले होते, ते सोमवारी काउंटरवर नोटा मोजताना दुखत होते आणि मला बरं वाटत होतं.

तुमचं सरावाचं म्हणणं मात्र पटलं. मलाही एकटीने अर्धा तास हवा होता, तो मिळाला नाही.

नंदनवन, विद्यार्थी

आम्ही तिघं मित्र जानेवारीत गेलो होतो. मडगावची आठवड्यातून दोनदा सुटणारी स्पेशल गाडी पकडली, स्लीपर. भुसावळ, नाशिक, पनवेल करत करत जवळपास पूर्ण दिवस जातो, पण खिशाला तेच परवडते. हॉस्टेलमध्ये बंक बेड घेतला. घरून चिवडा, तिखट पुऱ्या नेल्या होत्या, दोन दिवस त्याच्यावरच काढले.

आता मेन गोष्ट सांगतो. आम्ही तीन दिवसांचं पॅकेज आधीच ऑनलाइन पैसे भरून घेतलं. पहिला दिवस मस्त. दुसऱ्या दिवशी दोन वाजून गेले तरी वाराच नाही. आम्ही बसून रायलो, पाणी पाहून रायलो. तिसऱ्या दिवशीपण तेच, पाच-सहा नॉटच्या (ताशी नऊ-अकरा किलोमीटर) वर गेलाच नाही, आणि तेवढ्या वाऱ्यात शीड नुसतं लटकते. पैसे परत मागितले तर म्हणे वारा आमच्या हातात नाही. त्याऐवजी उभं राहून वल्हवायचा बोर्ड देतो म्हणाले. आम्ही तो घेतला, करणार काय. पण भाऊ, एका सेमिस्टरचं ट्यूशन शिकवून जमवलेले पैसे होते ते. वारा त्यांच्या हातात नाही हे खरं, पण मग पूर्ण पैसे आधी कशाला घेता?

कोणी जाणार असाल तर पैसे भरायच्या आधी एकच प्रश्न विचारा: वारा नसला तर काय? आणि ते उत्तर मेसेजवर लिहून घ्या. दुसरं म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल पकडा. तिथल्या सगळ्यांनी आम्हाला हेच सांगितलं की उन्हाळ्याकडे दुपारचा वारा भरवशाचा होतो.

सदर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. खोलीचं भाडं तिप्पट, सत्राला गर्दी, एका शिकवणाऱ्यामागे आठ जण. माझ्या वाट्याला अर्धा तास आला. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

वर्धा रोड, व्यवसाय

सगळे सत्राच्या पैशाबद्दल लिहिताहेत, मी प्रवासाचं लिहितो. चारचाकीने दोघं जात असाल तर खेळापेक्षा प्रवास महाग पडतो. मी सतरा वर्षं गोव्याला गाडी चालवत जातोय. ११ डिसेंबर २०२२ ची तारीख माझ्या पक्की लक्षात आहे, कारण त्या एकाच दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि गोव्यात मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. समृद्धीला तेव्हा कारचा दर किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होता, म्हणजे शिर्डीपर्यंत नऊशेच्या आसपास. वेळ वाचतो, रस्ता उत्तम, पण टोल खर्चात धरा. शिवाय गोव्यासाठी तो रस्ता थोडा वाकडाच पडतो. वाटेत नाशिक-पुण्यात काम असेल तरच मी त्याने जातो.

पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग आखला आहे, तो झाला तर आपल्याला सरळ वाट मिळेल. पण ज्यांच्या जमिनी जाणार आहेत त्या शेतकऱ्यांचा विरोध मी कोल्हापूरकडून जाताना डोळ्यांनी पाहिलाय. माझ्या विंडसर्फिंगसाठी कुणाचा ऊस जावा असं मला वाटत नाही.

मोपाला उतरणार असाल तर दोना पावला तिथून लांब आहे, टॅक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवा.

प्रतापनगर, दोन मुलांचा बाप

मी सुरक्षिततेबद्दल लिहिणार आहे, थोडं लांबेल.

२०१५ ला मोठ्या मुलाला घेऊन गेलो. तो बारा वर्षांचा. त्याला मोठ्यांचं शीड दिलं, जॅकेटही मोठ्यांचंच, खांद्यावरून वर सरकायचं. आम्हाला दुपारची गाडी धरायची होती, म्हणून मी हट्टाने सकाळी आठचं सत्र मागितलं. त्यांनी नको म्हणायला हवं होतं, त्यांनी दिलं. चूक दोघांची, पण माझी जास्त.

वर दादांनी खाऱ्या वाऱ्याचं लिहिलंय. सकाळी तिथे मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याजवळ तो जाणवतही नाही, कारण मागच्या झाडांचा आणि टेकाडाचा आडोसा असतो. मुलगा शंभर मीटर आत गेला आणि आडोसा संपला. शीड भरलं आणि तो सरळ बाहेर निघाला. आधी मला वाटलं, वा, जमलं की! मग लक्षात आलं की त्याला वळता येत नाही. तो पडला. शीड पाण्यात आडवं झालं की त्यावर पाणी चढतं, बारा वर्षांच्या पोराला ते ओढून उभं करता येणं शक्य नव्हतं. तो बोर्डवर पालथा पडून राहिला आणि हळूहळू लहान दिसू लागला. बचावाची बोट नव्हती. मासे घेऊन परतणाऱ्या एका होडीने त्याला आणलं. त्या होडीवाल्याने पैसे घेतले नाहीत. माझ्या हातावर पोरगं ठेवलं आणि निघून गेला.

२०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ती बातमी वाचली तेव्हा मला ती सकाळ आठवली. माझी बायको त्या दिवशी जेवली नाही.

म्हणून धाकट्या मुलीला शिकायचं होतं तेव्हा मी चार ठिकाणी फोन केले आणि दर शेवटी विचारला. आधी विचारलं, बचावाची बोट पाण्यावर असते की किनाऱ्यावर? लहान मुलांचं जॅकेट कोणत्या मापाचं? सकाळचं सत्र देता का? एकाने सांगितलं, "सकाळी आम्ही मुलांना शीड देत नाही, दुपारी आणा, तेव्हा वारा तिला किनाऱ्याकडेच आणेल." तिथेच नेलं. ते चारांत सगळ्यात महाग होतं. तिला दीड चौरस मीटरचं शीड दिलं, तिने ते एका हाताने उचललं. बोर्डाला मागून लांब दोरी बांधली होती आणि दोरीचं दुसरं टोक शिकवणाऱ्याच्या कमरेला. ती दोरी पाहिली आणि मी पहिल्यांदा त्या वाळूवर नीट श्वास घेतला.

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, सरावाचा वेळ गेला. पण २०१० ला ते बोर्ड दिवसभर द्यायचे तेव्हा पाण्यावर लक्ष कोणाचं होतं?

त्रिमूर्तीनगर

काका, खरं सांगायचं तर कोणाचंच नव्हतं. सर चहाला जायचे. मला तेव्हा ते प्रेम वाटायचं.

रामदासपेठ, निवृत्त प्राध्यापक

वय ६६. सामान महाग का झालं, याबद्दल थोडं. विंडसर्फिंग ऑलिम्पिकमध्ये आलं १९८४ ला, लॉस एंजेलिसला. स्त्रियांसाठी १९९२ पासून. २००८ ते टोकियोपर्यंत आर.एस.एक्स. नावाचा एकच बोर्ड चालला. आपल्या एबाद अलीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत कांस्य मिळवलं ते याच प्रकारात. पॅरिस २०२४ ला तो बोर्ड गेला आणि आयक्यू फॉइल आला. बोर्डाखाली पंखासारखं फॉइल असतं, वेग आला की अख्खा बोर्ड पाण्याच्या वर उचलला जातो. आता ज्याला स्पर्धेत उतरायचं त्याला जुनं सामान ठेवून चालत नाही आणि नवं बहुतेक बाहेरून येतं. त्याचा भार केंद्रांवर पडतो आणि तिथून आपल्यावर.

हौशी माणसाला मात्र फॉइलची गरज नाही. मी अजून रुंद, जुन्या बोर्डावर, आठ-दहा नॉटच्या वाऱ्यात जातो. गुडघे कुरकुर करतात तेव्हा पाण्यात बसून राहतो. ज्यांना सराव हवा त्यांनी केंद्राला विचारून पाहावं, जुना बोर्ड कमी भाड्यात देता का? मला दोनदा मिळाला आहे, बचावाची बोट पाण्यावर असेल त्याच वेळेत, या अटीवर. ती अट मला योग्य वाटते.

अंबाझरी

मी एनसीसीच्या नौदल तुकडीत होतो. शिडाची बोट अंबाझरीवर शिकलो. तलावावरचा वारा झाडाझाडातून फुटून येतो, दिशा बदलत राहतो, त्यामुळे वारा कुठून आहे हे मानेने ओळखायची सवय लागली. गेल्या मार्चमध्ये पहिल्यांदा विंडसर्फिंगला गेलो तेव्हा वाळूवरची पंचवीस मिनिटं माझी वाचली, शिकवणाऱ्याने सरळ पाण्यात नेलं. ज्यांची मुलं कॉलेजात आहेत त्यांनी एनसीसीच्या नौदल शाखेची चौकशी जरूर करावी. पैसा लागत नाही आणि वारा कळतो.

नंदनवन, विद्यार्थी

प्राध्यापक सर, तुमचं वाचून त्याच केंद्राला मेसेज टाकला. जुन्या बोर्डाचं विचारलं, आणि वाऱ्याचं पण. उत्तर आलं: एप्रिलमध्ये या, जुना बोर्ड दुपारी दोन ते पाच, बोट असेल, अर्धे पैसे आधी, वारा आठ नॉटच्या खाली राहिला तर दुसऱ्या दिवशी फुकट. मेसेज जपून ठेवलाय. तिघांतले दोघं पक्के आहोत, तिसऱ्याची परीक्षा आहे. स्लीपरची दोन तिकिटं काढली, वेटिंग ११ आणि १२.