कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी निर्वासितांच्या कँपात टीबी का होतो, राहणीमुळं की खोलीमुळं?

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलंय की मुंडगोडच्या तिबेटी लोकांत टीबी जास्त कारण 'त्यांची राहणीच घाण, जमीन दिली तरी सुधारत नाहीत'. डोकं फिरलं वाचून. १९६६ साली जंगलात आणून वसवलेली माणसं ती. टीबी हवेतून पसरतो, बंद खोलीत दाटीनं झोपलेल्यांत एक खोकणारा असला की बाकीच्यांना धोका आलाच. मठ, वसतिगृह, सगळीकडं तीच दाटी. राहणी कसली काढताय?

घटप्रभाकाठ: मीच लिहिलंय ते. तिथल्या द्रेपुंग मठाच्या इमारती बघितल्यात का कधी? आमच्या गावात तसली एक नाही. २०१९ च्या पुरात घर गेलं, दोन पावसाळे पत्र्याच्या शेडात काढले आम्ही. दुपारी आत बसवत नव्हतं, पहाटे पत्र्याला घाम सुटून अंथरुणावर टपटप, चूल पण तिथंच, खिडकी नाही. आईला दमा तिथंच जडला. आधी आमचं बघा.

निपाणीचा: शेडाचं सोडा, पडलेल्या घराचे सरकारी ५ लाख मिळाले का? आमच्या घराच्या दोन भिंती पडल्या तरी पंचनाम्यात कमी नुकसानीच्या ५० हजारवाल्यांत घातलं. कागद सगळा कन्नडमधी, आप्पांनी न वाचताच अंगठा दिला.

खानापूरकर: भाषेचा विषय इथं कशाला आणताय?

निपाणीचा: कशाला म्हणजे? एखाद्या भागात १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असले तर नोटिसा त्यांच्या भाषेत द्यायच्या, नियम आहे. वाचता आलं असतं तर आप्पा तिथंच भांडले असते, ओल्या भिंतीत नातवंडं झोपली नसती. तुमचं घर पडलं नाही म्हणून सुचतंय तुम्हाला!

खानापूरकर: बरं, कागदाचं चुकलं माझं. पण घटप्रभावाले, आईचा दमा तिच्या राहणीमुळं की शेडामुळं?

घटप्रभाकाठ: काय बोलूलास? आईची राहणी काढायची नाही. दिवसातनं दोनदा शेड सारवायची ती.

आशाताई_चिकोडी: खानापूरकर तेच म्हणतायत की, दोष राहणीचा नाही, खोलीचा. मी घरोघरी फिरते. टीबीचं औषध सरकारी, फुकट, पण पेशंट गोळी घेऊन परत त्याच कोंदट खोलीत झोपतो, शेजारी पोरं. मी आधी दार-खिडकी उघडायला लावते. बऱ्याच घरांत उघडायला खिडकीच नसते.

घटप्रभाकाठ: 'घाण' शब्द मागं घेतो. मठाचं मी बाहेरूनच बघितलंय, आत किती झोपतात ठाऊक नाही. पण शेडातल्यांचं कोण लिहिणार, ते पण सांगा.