लेकीच्या गाडीला हिवाळी टायर वेगळे घ्यावेत की बारमाही बसवावेत?

अंत्रुजकर, फोंडा

मुलगी आणि जावई कॅनडात ऑटाव्याला असतात. मुलगी नर्स आहे. पहाटे साडेपाचला घर सोडते, तोवर रस्ता साफ करणारी गाडी त्यांच्या गल्लीत फिरकलेली नसते. तिच्या गाडीचा जुना हिवाळी संच झिजलाय, यंदा नवा घ्यायचा आहे. जावईबापूंचं म्हणणं, वर्षभर चालणारे 'ऑल-वेदर' एकदाच बसवावेत. माझं म्हणणं, हिवाळ्याचे चार टायर वेगळे घ्यावेत आणि वेगळ्या डिस्कवर, म्हणजे रिमवर, चढवून ठेवावेत. चवथीपासून फोनवर हाच विषय चाललाय. गोव्यातले आणि थंड मुलखात गाडी चालवणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून विचारतो.

फोंड्यात २८ वर्षं माझं टायरचं दुकान होतं. बर्फ मी दोनच हिवाळे पाहिला, रबर मात्र रोज हाताळलं. गिऱ्हाईक आधी नक्षी बघतं, मी आधी रबर बघतो. आपल्याकडे मे महिन्यात डांबरावर पाय ठेवता येत नाही. त्या उन्हात टिकायला रबर घट्ट लागतं, आणि तेच रबर थंडीत आणखी ताठरतं. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरची पकड सुटायला लागते. जानेवारीत एका सकाळी, उणे २० असताना, तिथल्या शेजाऱ्याच्या उन्हाळी टायरवर मी अंगठा दाबून पाहिला. फळीवर दाबल्यासारखं वाटलं. मग लेकीच्या हिवाळी टायरवर दाबला, तर रबर आत जात होतं. त्यात सिलिका जास्त असते, त्यामुळे ते थंडीतही मऊ राहतं.

दुसरी गोष्ट चिरांची. हिवाळी टायरच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. टायर टेकला की त्या जराशा उघडतात आणि त्यांच्या कडा रस्त्यात रुततात. आणखी एक गोष्ट मला २८ वर्षं दुकानात बसून कधी कळली नव्हती. आपल्याकडे नक्षीत चिखल भरला की टायर गोटा झाल्यासारखा घसरतो. तिकडे नक्षीत हिम भरलं की तो धरतो, कारण हिमाला हिम चिकटतं.

बारमाही टायरमध्ये हे सगळं थोडंथोडं असतं. पहाटे साडेपाचला मला माझ्या लेकीसाठी थोडंथोडं नको आहे.

बार्देशी, म्यूनिक

काका, रबराबद्दल तुम्ही म्हणता ते सगळं मान्य. तरी मी जावयांच्या बाजूने.

९ वर्षं इथे आहे. पहिली ५ वर्षं दोन संच ठेवले, आता बारमाही वापरतो. जर्मनीत ठराविक तारखेपासून हिवाळी टायर असा कायदा नाही. रस्त्यावर हिम किंवा बर्फ असेल, तर टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण हवी. नसेल तर ६० युरो दंड आणि परवान्यावर दंडाचा एक गुण. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि हिम) लिहिलेले जुने टायर ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत चालत होते, आता तेही नाहीत. चांगल्या बारमाही टायरवर डोंगराची खूण असते. म्हणजे कायद्यानेही तो हिवाळी टायरच आहे.

आता व्यवहारातलं. लोक इथे 'ओ ते ओ' म्हणतात, ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर. पण हवा तारखा पाळत नाही. नोव्हेंबरात सकाळी ३ अंश, दुपारी १५. फेब्रुवारीत आठवडाभर कोरडं ऊन. अशा दिवशी मऊ हिवाळी टायर कोरड्या रस्त्यावर लोळतो, ब्रेक लावल्यावर गाडी जास्त लांब जाते. आणि एप्रिलमध्ये गॅरेजची वेळ मिळाली नाही म्हणून जूनपर्यंत हिवाळी टायरवर फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. हवा रोज पालटत असेल, तर दोन्हीकडे बऱ्यापैकी चालणारा टायर गाडीला सतत असणं हीच जास्त सुरक्षितता.

सत्तरीची लेक, माँट्रियल

बार्देशी, म्यूनिकचा हिवाळा आणि ऑटाव्याचा हिवाळा एका तराजूत घालू नका. तुम्ही सांगताय तो पालटणारा हिवाळा. इकडे डिसेंबरात पडलेलं हिम मार्चपर्यंत रस्त्याकडेला तसंच असतं.

आणि त्या डोंगराच्या खुणेवर इतका भरवसा ठेवण्याआधी ती कशावर मिळते ते बघा. ती हिमावरच्या चाचणीवर मिळते. ठरवून दिलेल्या टायरपेक्षा दाबलेल्या हिमावर हा टायर किती ओढतो, एवढंच त्यात पाहतात. बर्फावर तो किती थांबतो हे त्या खुणेत नाही. मराठीत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. हिम भुसभुशीत असतं, त्यात टायर रुततो. बर्फ म्हणजे काच. त्यातही उणे २० चा कोरडा बर्फ बरा, शून्याच्या आसपासचा ओला बर्फ सगळ्यात वाईट. चौकातल्या सिग्नलपाशी गाड्या थांबून थांबून तो घोटून गुळगुळीत होतो, आणि नर्सला पहाटे भेटतो तो हाच.

माझ्यावर आलेलं सांगते. पहिल्या वर्षी एका गॅरेजवाल्याने मला सांगितलं, गाडी पुढच्या चाकांवर चालते, पुढे दोन हिवाळी टायर घाल, मागचे राहू देत. पैसे वाचतात म्हणून मी ऐकलं. वळणावर पुढची चाकं धरून राहिली आणि मागचा भाग झाडूसारखा फिरला. पूर्ण अर्धं वर्तुळ. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहितेय. घ्यायचे तर चारही घ्या. हे मी आमच्या वाळपईहून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आमच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. २००८ मध्ये नियम आला तेव्हा १५ डिसेंबरपासून होता, २०१९ पासून तारीख अलीकडे आणली. ऑटावा शहर नदीच्या पलीकडे, ओंटारिओ प्रांतात; तिथे सक्ती नाही. पूल ओलांडला म्हणून बर्फ बदलत नाही.

तिसवाडीकर

परदेशी गाडी चालवलेली नाही, तरी दोन गोष्टी लिहितो.

एक, मनालीची. डिसेंबरात इथून गाडी घेऊन गेलो होतो. हिम पडल्यावर सोलंगच्या पुढे पोलिसांनी फोर-बाय-फोर आणि साखळ्या बांधलेल्या गाड्याच सोडल्या. आमची साधी गाडी. तिथल्या एका ड्रायव्हरने पुढच्या चाकांना साखळ्या बांधून दिल्या आणि बजावलं, सावकाश चालवा, डांबर दिसलं की लगेच काढा, नाहीतर साखळीही जाईल आणि टायरही. चार दिवसांच्या सहलीसाठी ते ठीक. रोज पहाटे कामावर जाणाऱ्या मुलीने वाकून साखळ्या बांधायच्या का? म्हणून मी काकांच्या बाजूने.

दुसरी, इथली. जुलैत चोर्ला घाटात आणि अनमोडला रस्त्यावरून पाणी वाहत असतं, वर चिऱ्याची लाल माती. तिथे गोटा झालेले टायर घेऊन लोक बेळगावला जातात. नक्षी उरली नसली की पाण्यावर गाडी लवकर तरंगते. परदेशातल्या लेकीच्या टायरची काळजी आपण करतो, तितकी जूनच्या आधी स्वतःच्या टायरची करायला हवी.

जावई, ऑटावा

बाबांनी धाग्याचा दुवा पाठवला. सगळ्यांचं वाचलं. माझी बाजू नीट मांडली जावी म्हणून लिहितोय.

इथे 'ऑल-सीझन' आणि 'ऑल-वेदर' हे दोन वेगळे प्रकार आहेत. ऑल-सीझनवर नुसतं एम प्लस एस असतं. ते कारखानदार स्वतः लिहितो, त्याला चाचणी लागत नाही. ते टायर इथल्या हिवाळ्यात वापरू नयेत, यात वाद नाही. मी म्हणतोय ते ऑल-वेदर, डोंगराची खूण असलेले. नदीपलीकडे क्युबेकच्या कायद्यालाही ते चालतात.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. चार चाकं ठेवायला जागा नाही, गोदामाचं भाडं वर्षाला वेगळं. वर्षातून दोनदा चाकं बदलायची. पहिलं हिम पडलं की गॅरेजमध्ये दोन-दोन आठवडे वेळ मिळत नाही, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात घसरडे. शिवाय आमची गाडी चारही चाकांवर चालणारी आहे.

बाबा, तिची काळजी मलाही आहे. ती निघते तेव्हा मी जागा असतो.

अंत्रुजकर, फोंडा

जावईबापू, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्या काळजीबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

पण चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीबद्दल मला बोललंच पाहिजे. चारही चाकांना जोर मिळाला की गाडी निघते चांगली, चढते चांगली. थांबायचं म्हटलं की ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांना असतात. तिथे फक्त टायर आणि रस्ता. उलट गाडी सहज निघते म्हणून माणसाला वाटतं रस्ता धरतोय, आणि वेग वाढतो.

पैशाचं म्हणाल तर हिशोब पुरा करा. हिवाळी संच पाच महिने चालतो तेव्हा उन्हाळी संच पडून असतो, झिजत नाही. दोन्ही मिळून जास्त वर्षं जातात. डिस्क एकदाच घ्यायच्या. त्या असल्या की टायर काढून चढवायला नको, नुसती चाकं बदलायची. पाना आणि जॅक असला तर घराखालीही जमतं. ओंटारिओत १ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक विमा कंपनीला हिवाळी टायरसाठी सूट द्यावी लागते, तीही मोजा.

जागा नाही, हे मात्र मला मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

उत्तरेचा, स्टॉकहोम

एका बाजूवर कोणीच बोललं नाही. हिवाळी टायरमध्येही दोन जाती आहेत, खिळ्यांचे आणि बिनखिळ्यांचे. काचेसारख्या ओल्या बर्फावर खिळ्यांना तोड नाही. पण कोरड्या डांबरावर ते रस्ता खरवडतात, आवाज करतात, आणि ती धूळ लोकांच्या छातीत जाते. म्हणूनच इथल्या हॉर्न्सगाटान रस्त्यावर २०१० पासून खिळ्यांच्या टायरना बंदी आहे. मी शहरात राहतो, बिनखिळ्यांचे वापरतो. गावाकडे राहणाऱ्याने खिळ्यांचे घ्यावेत असं माझं मत.

फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी हिवाळी टायर निघाला, १९३६ साली मोटारींसाठी हाक्कापेलिट्टा नावाचा. इतकी वर्षं माणसं एका कामासाठी एक टायर घडवत आली आहेत. बार्देशींचा बारमाही टायर चांगला असेल, पण तो दोन कामं करतो.

सत्तरीची लेक, माँट्रियल

ओंटारिओत खिळे फक्त उत्तर भागात राहणाऱ्यांना चालतात. ऑटाव्यात राहणाऱ्याला नाहीत. त्यामुळे ताईपुढे तो पर्यायच नाही, बिनखिळ्यांचेच.

बार्देशी, म्यूनिक

बर्फाबद्दल सत्तरीच्या ताईंचा मुद्दा मी मानतो. उणे २० आणि तीन महिने गोठलेला रस्ता असेल, तर वेगळा संच. माझं म्हणणं सौम्य हिवाळ्यापुरतं ठेवतो. तेवढ्यापुरतं मात्र ते सोडणार नाही. पुण्या-मुंबईहून, गोव्याहून इंग्लंडला, पोर्तुगालला येणाऱ्यांनी भीतीपोटी दोन संच घेऊ नयेत.

बारमाही घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण हिमात ४ च्या खाली टायर कामाचा नाही. शेजारच्या ऑस्ट्रियात तर ४ च्या खालचा टायर हिवाळी धरतच नाहीत. बारमाही टायर उन्हाळाभर झिजतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्याला तो नेमका त्या रेषेवर येतो. जावयांनी हा खर्च धरलाय का?

जावई, ऑटावा

नव्हता धरला. आमचं वर्षाला २० हजार किलोमीटर होतं, त्यातलं बरंचसं उन्हाळ्यात. तिसऱ्या हिवाळ्याआधी पुन्हा चार टायर घ्यावे लागतील असं दिसतंय.

रात्री आम्ही दोघांनी बसून ठरवलं. तिच्या गाडीला हिवाळी संच, डिस्कसकट. तिच्या हॉस्पिटलातली एक मैत्रीण गॅरेजमध्ये चाकं ठेवू देतेय. माझी छोटी गाडी आठवड्यातून दोनदा, दुपारची निघते, तिला ऑल-वेदर. बाबा, या दुसऱ्या गाडीबद्दल माझं मत तेच आहे.

अंत्रुजकर, फोंडा

दुसऱ्या गाडीबद्दल माझंही मत तेच आहे, पण चालवणार तुम्ही, तेव्हा तुमचा शब्द.

घेताना टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. दोन वर्षं दुकानात पडलेला माल नव्याच्या भावात घेऊ नका. चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. आणि टायरमधली हवा थंडीत तपासा. दर ५-६ अंशांना साधारण एक पाउंड उतरतो. गॅरेजमध्ये २० अंशांत ३३ भरली, तर उणे २० ला बाहेर ती २६-२७ भरते. पहिल्या कडक थंडीच्या सकाळी तिला निघण्याआधी एकदा गेज लावायला सांगा. मी फोन करीनच, आमच्याकडे तेव्हा दुपार असते.